मल्टीप्लेअर म्हणजे ऑनलाइन नव्हे: स्वस्त कन्सोल घेण्याआधी

गुहागरच्या आमच्या घरात जुलैची झड लागली की रेंज फक्त पडवीत मिळते. फोन खिडकीच्या गजाला टेकवून हॉटस्पॉट लावायचा आणि कोणी तो हलवू नये म्हणून लक्ष ठेवायचं. पुतण्याने एका छोट्या कंपनीचा स्वस्त कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, हेरून ठेवलाय. त्याने विचारलं, "काका, यात मल्टीप्लेअर आहे. म्हणजे मी इथून मुंबईच्या मित्राशी खेळू शकेन ना?"

खोक्यावर लिहिलं होतं '१ ते ४ खेळाडू'. त्याचा अर्थ एकाच टीव्हीसमोर चार जण, चार कंट्रोलर. दूरच्या मित्राशी खेळायला 'ऑनलाइन' हा शब्द वेगळा छापलेला लागतो. मल्टीप्लेअर म्हटलं की मुलांना ऑनलाइनच आठवतं, कारण मोबाइलवर त्यांनी तेवढंच पाहिलेलं असतं.

एकाच टीव्हीवर खेळताना सगळी गेम एका यंत्रात चालते. बटण दाबलं की ते थेट कन्सोलला कळतं, मध्ये कोणी नाही. मात्र पडद्याचे चार तुकडे करून प्रत्येकाला वेगळं दृश्य दाखवायचं तर यंत्राला तेच जग चार वेळा रंगवावं लागतं आणि स्वस्त चिप तिथे दमते. म्हणून अशा कन्सोलवर सगळे खेळाडू एकाच स्थिर चौकटीत दिसणाऱ्या गेम उत्तम चालतात.

ओया हा ९९ डॉलरचा कन्सोल जून २०१३ मध्ये दुकानात आला. त्याआधी २०१२ मध्ये लोकांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर त्याच्यासाठी ८५ लाख डॉलरहून जास्त रक्कम जमवली होती. आत मोबाइलचीच चिप, १ जीबी रॅम. त्याच्यावर सर्वांत नावाजली गेलेली गेम होती टॉवरफॉल: चार तिरंदाज, एकच चौकट, शेजारी बसलेले मित्र. ऑनलाइन खेळायची सोय तिच्यात नव्हतीच. माझ्या मते कमी ताकदीच्या यंत्राला शोभेल अशी ती नेमकी निवड होती. खर्च वाढायचा तो कंट्रोलरवर. ओयाचा एक जादा कंट्रोलर ५० डॉलरचा, म्हणजे कन्सोलच्या निम्म्या किमतीचा. चौघांचा हिशेब करताना हे धरायलाच हवं.

ऑनलाइनचं गणित वेगळं. तिथे प्रत्येकाच्या घरी गेमची आपापली प्रत चालू असते आणि 'मी उडी मारली', 'मी बाण सोडला' एवढे निरोप ये-जा करतात. निरोप लहान असल्यामुळे तासाभराच्या खेळाला डेटा फारसा जात नाही, डेटा खातं ते डाउनलोड. "आमच्याकडे स्पीड चांगला आहे" हे उत्तर म्हणूनच अपुरं पडतं. निरोप जाऊन यायला किती वेळ लागतो, म्हणजे पिंग किती, ते बघायचं. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. छोट्या कंपनीचा सर्व्हर, म्हणजे हे निरोप पोचवणारा मधला संगणक, लंडनला असेल तर मुंबईहून सरळ रेषेत ७,२०० किलोमीटर, जाऊन-येऊन किमान ७२ मिलिसेकंद. केबल सरळ जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच. सेकंदाला साठ चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये तेवढ्यात चार चित्रं निघून जातात. त्यात गजाला टेकवलेल्या फोनची रेंज मध्येच गेली की पुतण्याचा खेळाडू जागच्या जागी थिजणार.

सर्व्हर टाळून दोन कन्सोल थेट जोडावेत, तर मोबाइल नेटवर तेही अडतं. कंपन्या शेकडो ग्राहकांना बाहेरून एकच पत्ता देतात, त्यामुळे एका कन्सोलला दुसऱ्याचं दार सहज सापडत नाही. बुद्धिबळ, लुडो यांसारख्या एकेक चाल करायच्या खेळांना मात्र उशिराने काही बिघडत नाही. ते ऑनलाइन खुशाल खेळावेत.

पण मला खरी काळजी माणसांची वाटते. ऑनलाइन गेमला त्याच वेळी जागा असलेला दुसरा खेळाडू लागतो. कन्सोल थोडेच विकले गेले असतील, त्यात ती गेम घेणारे आणखी कमी, तर रात्री नऊला समोर येणार कोण? आणि कन्सोल स्वस्तात एकदा विकून झाला तरी सर्व्हरचं भाडं कंपनीला दर महिन्याला भरावं लागतं. ओयाचे सर्व्हर २५ जून २०१९ ला बंद झाले. ज्या गेम सुरू होताना खरेदीची खात्री सर्व्हरकडे करायच्या, त्या पैसे देऊन घेतलेल्या असूनही अडल्या. म्हणून दुकानात डेमो मागताना वायफाय बंद करून गेम सुरू होते का ते बघावं. आमच्या किनाऱ्यावर हे फार महत्त्वाचं आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडातल्या कितीतरी गावांत अनेक दिवस ना वीज होती ना फोन. एरवीही घरात इन्व्हर्टर असला तरी टॉवरची बॅटरी संपली की नेट गेलंच.

हे सगळं पुतण्याला कागदावर काढून दाखवलं. थोडा हिरमुसला. मग त्यानेच विचारलं, "गणपतीत सगळे येतील तेव्हा?" चाकरमानी आले की आमच्या माजघरात सात-आठ भावंडं असतात आणि आरती झाल्यावर टीव्ही मोकळाच असतो. एक कंट्रोलर कन्सोलसोबत येतो, आणखी तीन घेऊ असं ठरलंय. मुंबईच्या मित्रालाही तो या वर्षी पाच दिवस इकडेच बोलावणार आहे.