सीट ७९० ची, पायाची वाट ९०० ची

माझी उंची १५७ सेंटिमीटर. पहिली मोटारसायकल घेण्याआधी मी माहितीपत्रकात सीटची उंची पाहिली: ७९० मिलिमीटर. घरी बूट घालून भिंतीला पाठ लावून उभी राहिले, मांड्यांच्या मध्ये एक जाड पुस्तक वरपर्यंत सरकवलं आणि तिथून जमिनीपर्यंत मोजलं. ७५ सेंटिमीटर भरले. चार कमी पडत होते, पण टाच उचलली की पाच-सहा सहज मिळतात. म्हणजे चवडे आरामात टेकणार! प्रत्यक्षात गाडीवर बसले तेव्हा अंगठ्यांची टोकं जेमतेम जमिनीला लागत होती. माहितीपत्रकातला आकडा खोटा नव्हता, मी धरलेला आकडा चुकीचा होता.

सीटची उंची म्हणजे गाडी सरळ उभी असताना जमिनीपासून सीटच्या सगळ्यात खोलगट भागापर्यंतचं अंतर. पण आपले पाय सीटच्या मधून आरपार खाली उतरत नाहीत. ते आधी आडवे कडेपर्यंत जातात, कडेवरून वळतात आणि मग साइड कव्हरला घासत खाली येतात. पायाला कापावी लागते ती ही वाकडी वाट. बीएमडब्ल्यूसारखी कंपनी आपल्या काही गाड्यांसाठी हे मापही छापते: एका पावलाच्या जमिनीपासून सीटवरून दुसऱ्या पावलाच्या जमिनीपर्यंतची कमान. त्यांच्या आर १२५० जीएसची सीट ८५० मिलिमीटरवर असते, तर ही कमान १८७० च्या आसपास भरते. निम्मे केले तर एका पायाच्या वाट्याला ९३५ येतात. साडेआठ सेंटिमीटरचा फरक, आणि तो सगळा रुंदीने खाल्लेला.

म्हणून दोन गाड्यांच्या सीटची उंची अगदी सारखी असली, तरी जिची सीट टाकीजवळ ३० ऐवजी २० सेंटिमीटर रुंद आहे, तिच्यावर प्रत्येक पायाला तीन-चार सेंटिमीटर जास्त मिळतात. थांबताना आपण पुढे सरकतो, त्यामुळे रुंदी बघायची ती तिथली. मोजायलाही काही लागत नाही. कुणाला तरी गाडी सरळ धरायला सांगा, शिंप्याची टेप जमिनीपासून सीटवरून पलीकडच्या जमिनीपर्यंत टाका आणि येणाऱ्या आकड्याचं निम्मं करा. माझ्या गाडीला हे निम्मं ९० सेंटिमीटर भरलं आणि सगळा उलगडा झाला.

आता पाय नीट न टेकण्यात एवढं धोक्याचं काय? चालत्या गाडीत काहीच नाही. वेग असला की गाडी पायांच्या आधाराशिवाय तोल सांभाळते. प्रश्न थांबल्यावरचा आहे, आणि तो गाडी किती कलते याचा आहे. १८० किलोची गाडी घ्या, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर आहे असं धरा. टेकलेलं पाऊल टायरपासून ३५ सेंटिमीटर लांब आहे. गाडी ३ अंश कलली तर पावलावर साधारण १५ किलोचा भार येतो. आता पाय पाच सेंटिमीटर कमी पडतोय. तो टेकवायला कंबर जागेवरच ठेवली, तर गाडी जवळजवळ १२ अंश कलवावी लागते, आणि भार होतो ५८ किलोच्या पुढे. यात बसणाऱ्याचं वजन धरलेलंच नाही. शिवाय हा सगळा भार टाच उचललेल्या चवड्यावर, तोही कदाचित सांडलेल्या खडीवर. माझी गाडी पहिल्यांदा आडवी झाली ती वळणावर वगैरे नाही. पार्किंगमध्ये, शून्य वेगात, उजव्या पायाखाली दोन बोटं खोल खळगा होता म्हणून.

इथे बुटक्या माणसावर आणखी एक अन्याय होतो. आपण बसलो की सस्पेन्शन दबतं आणि सीट खाली येते. पण उंचीने कमी असणारी माणसं बऱ्याचदा वजनानेही हलकी असतात. ८० किलोच्या माणसाच्या वजनाने मागची बाजू ३० मिलिमीटर दबत असेल, तर त्याच हिशेबाने ५० किलोच्या माणसाने १९ च मिलिमीटर दबते. ज्याला गरज नाही त्याला जास्त खाली मिळतं! शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, कमी केला तर यातलं थोडं परत मिळतं. प्रीलोडने स्प्रिंग कडक किंवा मऊ होते हा मात्र गैरसमज आहे. स्प्रिंग तीच राहते, फक्त ती किती दाबलेल्या अवस्थेतून सुरुवात करते ते बदलतं. अर्थात फार सैल केलं की मोठ्या खड्ड्यात शॉकअप तळाला आपटतो.

मग येतो सगळ्यांचा आवडता उपाय: सीटचा फोम कापणं. फोम म्हणजे हवेच्या बारीक कप्प्यांचं जाळं. भार पडला की सुरुवातीला कप्प्यांच्या भिंती थोड्या वाकतात. मग एकेक कप्पा चेपत जातो आणि या टप्प्यात भार फारसा न वाढता फोम दबत राहतो. आपण ज्याला मऊ म्हणतो तो हाच टप्पा. सगळे कप्पे चेपले की भिंतीला भिंत भिडते आणि फोम पाटासारखा कडक होतो. ६ सेंटिमीटर जाड फोम तुमच्या वजनाने २ सेंटिमीटर दबला तर तो त्याच्या जाडीच्या एक तृतीयांश दबला. तोच कापून ३ सेंटिमीटरचा केला आणि तेवढाच दबू दिला, तर दोन तृतीयांश, म्हणजे जवळपास पाटाच्या हद्दीत. मग वजन बैठकीच्या दोन हाडांखाली एकवटतं, तिथला रक्तपुरवठा आवळला जातो आणि तासाभरात बूड बधिर होतं. जेल घातल्याने दाब थोडा पसरतो, हे खरं. पण जेल जवळजवळ दबतच नाही, उन्हात तापतं, आणि फोमची हरवलेली जाडी काही भरून काढत नाही.

माझं मत विचाराल तर जाडीला हात लावण्याआधी रुंदीला लावा. सीटच्या पुढच्या भागाच्या दोन्ही कडा उतरत्या करून घेतल्या, तर हाडांखालचा फोम जसाच्या तसा राहतो आणि पायाची वाट आखूड होते. मांड्यांखालचा आधार थोडा कमी होतो, पण तो सौदा परवडतो. कंपनीची तयार लो सीट मिळत असेल तर आधी तिच्यावर बसून बघा. काहींचा खोलगटपणा इतका असतो की माणूस पुढे टाकीकडे घसरतो आणि मागे सरकायला जागाच उरत नाही.

सस्पेन्शनची लिंक (मागचा शॉकअप चाकाच्या बाजूला जोडणारा दांडा) बदलून गाडी खाली आणणं मी अगदी शेवटी ठेवीन. मागची बाजू ४० मिलिमीटर उतरली की साधारण १४०० मिलिमीटरच्या व्हीलबेसवर (दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर) पुढचं चाक धरणारा फोर्क दीड अंशाहून थोडा जास्त मागे रेलतो आणि हँडल जड, आळशी वाटू लागतं. पुढची बाजूही तेवढीच उतरवावी लागते. साइड स्टँड लांब पडतो, गाडी त्यावर जवळपास सरळ उभी राहते आणि एका धक्क्याने पलीकडे कलंडते. स्टँड कापून घ्यायचं काम बरेच जण विसरतात.

दोन्ही तळवे सपाट टेकलेच पाहिजेत हा हट्ट मी सोडून दिला आहे. थांबताना बूड किंचित डावीकडे सरकवलं, तर गाडी सरळच राहते आणि डावं पाऊल टाचेसकट टेकतं. उजवं मागच्या ब्रेकवर. कडा उतरवल्यावर मला तीन सेंटिमीटर मिळाले, जाड तळाच्या बुटांनी आणखी दोन. न जमणारी गोष्ट एकच उरली: बसल्या बसल्या गाडी मागे ढकलणं. चवड्यावर उभं राहून तसा जोर लागत नाही. त्यासाठी मी सरळ खाली उतरते, डाव्या बाजूने कंबर सीटला टेकवते आणि गाडी चालवत मागे नेते.