महापालिकेच्या भाडेकरू इमारतींवरील सौरवीज (मुंबई)

महापालिकेच्या मालकीच्या आणि भाड्याने दिलेल्या निवासी इमारतींच्या छतावर सौर पॅनेल बसवून ती वीज सामायिक वापरासाठी किंवा भाडेकरूंच्या घरांसाठी पुरवण्याची व्यवस्था. छत महापालिकेचे आणि विजेचे बिल भाडेकरूच्या नावावर असल्यामुळे फायदा कोणाला मिळावा, हा यातला मुख्य प्रश्न आहे. तंत्र त्यामानाने सोपे आहे.

मुंबईत अशा घरांचा सर्वांत जुना साठा बीआयटी चाळींचा. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने त्या बांधल्या आणि १९३३ मध्ये ट्रस्टचा कारभार महापालिकेकडे आला. माझगाव, आग्रीपाडा, मुंबई सेंट्रल, परळ येथे त्या उभ्या राहिल्या. परळच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे अनेक वर्षे वास्तव्य होते. सफाई कामगारांच्या वसाहतीही महापालिकेच्याच, पण तेथील घरे सेवा निवासस्थाने असून नोकरी संपली की ती सोडावी लागतात. बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळी राज्य शासनाच्या अखत्यारीतल्या, तरी छताचे गणित समजून घ्यायला त्यांचा नमुना उपयोगी पडतो.

बीडीडीची एक चाळ म्हणजे तळमजला अधिक तीन मजले आणि सुमारे १६० चौरस फुटांच्या ८० खोल्या. एक किलोवॉट पॅनेलना साधारण १० चौरस मीटर मोकळी जागा लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. अशा चाळीच्या गच्चीवर ३०० चौरस मीटर जागा मिळाली असे धरले, तर ३० किलोवॉटचा संच बसेल आणि रोज १२० युनिट मिळतील. म्हणजे खोलीमागे दीड युनिट, महिन्याला ४५. एक पंखा, दिवे आणि लहान फ्रिज चालवणाऱ्या घराच्या वापराचा हा मोठा हिस्सा आहे. पावसाळ्यात हा आकडा बराच खाली येतो. मार्च ते मे मात्र हात देतात.

ही वीज खोलीच्या बिलात कशी उतरवायची, हा खरा पेच. नेट मीटरिंगमध्ये संचाची जास्तीची वीज ग्रिडमध्ये, म्हणजे वीजपुरवठ्याच्या सामायिक जाळ्यात जाते आणि तितके युनिट बिलातून वजा होतात. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने त्यासाठी २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये विनियम केले. पण एका संचाला एक मीटर जोडला, तर तो बहुधा पाण्याच्या पंपाचा आणि जिन्यातल्या दिव्यांचा असतो. बचत तिथेच होते आणि चौथ्या खोलीतल्या कुटुंबाच्या बिलात काहीच फरक पडत नाही. यावर उपाय आभासी नेट मीटरिंगचा: एका संचाचे युनिट ठरलेल्या प्रमाणात अनेक मीटरांवर वाटायचे. दिल्लीच्या आयोगाने २०१९ मध्येच त्याची नियमावली काढली.

१३ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत घरमालकाला तीन किलोवॉटपर्यंत कमाल ७८,००० रुपये अनुदान आहे, तर गृहनिर्माण संस्थांना सामायिक सुविधांसाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये. चाळीतला भाडेकरू घरमालक नाही आणि चाळ कमिटी बहुधा नोंदणीकृत संस्था नसते. दोन्ही चौकटींत तो सरळ बसत नाही. त्यातच वीजदर टप्प्यांचा. महिन्याला १०० युनिटांच्या आत राहणाऱ्याला दर सर्वांत कमी, त्यामुळे सौर युनिटामागे त्याची रुपयांतली बचतही सर्वांत कमी. संच स्वतःच्या खर्चाने बसवून वीज विकणाऱ्या कंपन्यांना म्हणूनच चाळीपेक्षा मॉल आणि कारखाने जास्त परवडतात. पैसा महापालिकेनेच घालायला हवा, तो याच कारणाने.

मुंबई शहरात त्याला एक मोठा आधार आहे. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत वीज पुरवणारी बेस्ट १९४७ पासून महापालिकेचाच उपक्रम आहे. छत, मीटर आणि बिल तिन्ही एकाच घरात असण्याची सोय फार थोड्या शहरांना आहे, आणि बीआयटी चाळींचा मोठा भाग याच हद्दीत येतो. उपनगरांत अदानी, टाटा पॉवर आणि भांडुप-मुलुंडकडे महावितरण असल्याने तेथे वेगळे करार लागतील.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०१० नंतर नगर परिषदांनी भाड्याच्या घरांवर पॅनेल लावले. दिवसा वापरलेली वीज भाडेकरूला फुकट आणि तयार झालेल्या युनिटामागे सरकारने ठरवलेल्या दराने मिळणारे उत्पन्न परिषदेला किंवा गुंतवणूकदाराला, अशी वाटणी सर्रास असे. २०११ अखेरीस नव्या संचांचे दर जवळपास निम्मे केल्यावर अनेक योजना बारगळल्या. जर्मनीने २०१७ मध्ये भाडेकरूंना छतावरची वीज विकण्यासाठी स्वतंत्र कायदा केला.

प्रत्यक्ष गच्चीवर अडचणी वेगळ्या. काही जुन्या चाळींना कौलारू छप्पर आहे, काहींच्या गच्चीवर गळती थांबवायला पत्र्याचे शेड टाकलेले असते. सपाट गच्चीत सांगाड्यासाठी भोके पाडली की कोबा फुटतो आणि पहिल्याच पावसात वरच्या मजल्यावरचे छत ठिबकते. भोके टाळून सिमेंटचे ठोकळे ठेवले, तर जुन्या तुळयांवर वजन येते. वजन कमी ठेवावे, तर वारा आडवा येतो: १७ मे २०२१ च्या तौक्ते वादळात कुलाब्याला ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाचे झोत नोंदले गेले. म्हणून संरचना तपासणीशिवाय एकही पॅनेल चढवू नये. खाऱ्या हवेत साधे लोखंड लवकर गंजते, सांगाडा जस्तलेपित किंवा ॲल्युमिनियमचा लागतो. टाकीची सावली एका पॅनेलवर पडली, तरी त्याच साखळीतल्या इतरांची वीज घटू शकते. कबुतरांची विष्ठा उन्हात वाळून घट्ट बसते, ती पाण्याने भिजवून पुसावी लागते. हे काम कोणाचे, हे करारातच लिहिलेले बरे.

ग्रिड बंद पडले की बॅटरी नसलेला संचही सुरक्षेसाठी आपोआप थांबतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, तेव्हा अशा संचाने चाळीला दिवा दिला नसता. रहिवाशांना हे आधीच सांगायला हवे.

पॅनेलचे आयुष्य सुमारे २५ वर्षे, तर अनेक चाळी पुनर्विकासाच्या वाटेवर. पॅनेल आणि इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरगुती वापराजोगी करणारे यंत्र) काढून दुसरीकडे बसवता येतात. सांगाडा, वायरिंग आणि मजुरीचा खर्च मात्र परत मिळत नाही. पुनर्विकासानंतर भाडेकरू मालक होतो आणि चाळीच्या जागी मनोरा येतो. वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी ४० मजली इमारती उभ्या राहिल्या, तिथे शेकडो घरांना मिळून एकच गच्ची. तिच्यावरची वीज लिफ्ट आणि पंपांनाही पुरेलच असे नाही. छत आणि खोल्यांचे प्रमाण जुन्या तीन-चार मजली चाळीत सर्वांत अनुकूल असते.