कचरागाडीवर हात चेंगरला तर : इंदूरमध्ये ईएसआयचा दावा कसा करायचा

सराफ्यातली खाऊगल्ली मध्यरात्रीनंतर आटोपते, मग द्रोण-पत्रावळी उचलायला गाडी येते. हॉटेलं, मंगल कार्यालयं, छप्पन दुकानची रांग, सगळीकडचा कचरा कोणीतरी हातानं गाडीत चढवतंच. त्या हेल्परला होणाऱ्या दुखापती ठरलेल्या असतात. गाडीच्या हायड्रॉलिक यंत्रात बोटं सापडतात, रिव्हर्स घेताना चाक पायावर जातं, काळ्या पिशवीतून काच लागते किंवा कोणी टाकलेली इंजेक्शनची सुई टोचते.

अशा वेळी ठेकेदाराचा माणूस जवळच्या खाजगी दवाखान्यात नेतो, पट्टी बांधतो, हातावर हजार रुपये ठेवतो आणि ‘दोन दिवस आराम कर’ म्हणतो. माझ्या ओळखीतल्या एकाचं असंच झालं. बोट वाकडं बसलं, आणि सहा महिन्यांनी विचारायला गेलो तर कागदावर अपघातच नव्हता! म्हणून सगळ्यात आधी हे लक्षात ठेवा की ईएसआयचे, म्हणजे सरकारच्या कर्मचारी राज्य विमा योजनेचे, पैसे मिळणं न मिळणं पहिल्या दिवशी काय लिहिलं गेलं यावर ठरतं.

कोणाला मिळतं

दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेत महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार ईएसआयमध्ये येतो. अपंग कामगारासाठी ही मर्यादा 25,000 आहे. ठेक्यावरची माणसंही यात मोजली जातात. ठेकेदारानं वर्गणी भरली नाही तर ती भरण्याची पहिली जबाबदारी मूळ मालकावर येते, म्हणजे ज्याचं काम त्यानं दिलेलं आहे त्याच्यावर. हॉटेल किंवा मंगल कार्यालय चालवणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनी हे वाक्य दोनदा वाचावं. नगर निगमच्या कायम नोकरीत असलेल्यांचे नियम मात्र वेगळे आहेत.

वर्गणी किती? कामगाराची पगाराच्या 0.75 टक्के, मालकाची 3.25 टक्के. 12,000 पगारावर कामगाराचे 90 रुपये कापले जातात, मालक 390 घालतो. पगाराच्या चिठ्ठीत ही कपात दिसत असेल तर तुमचा दहा आकडी विमा क्रमांक असायलाच हवा. तो मागून घ्या. कापलेले पैसे मालकानं पुढे भरले नाहीत तरी तुमचा हक्क बुडत नाही, वसुली ईएसआय महामंडळ त्याच्याकडून करतं.

1948 चा ईएसआय कायदा आता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. कामगाराला त्यामुळे नवी धावपळ करावी लागत नाही.

आजारपण की कामावरची दुखापत

इथेच लोक फसतात. साध्या आजारपणाची रजा लिहिली गेली तर मजुरीच्या 70 टक्के मिळतात, तेही आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणीच्या काळात 78 दिवसांची वर्गणी भरलेली असेल तरच. कामावरची दुखापत म्हणून नोंद झाली तर 90 टक्के मिळतात, आणि वर्गणीच्या दिवसांची अट नाही. कामावर पहिलाच दिवस असला तरी चालतं. फक्त अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बंद राहिलेलं असावं. दिवसाला 400 रुपये मजुरी धरा. वीस दिवस घरी बसावं लागलं तर रोजचे 360 याप्रमाणे 7,200 रुपये होतात. घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दाखवता आला तर, यात धरतात.

कायमचं नुकसान झालं तर मेडिकल बोर्ड कमाईची ताकद किती गेली ते टक्क्यांत ठरवतं. कायद्याच्या तक्त्यात अंगठा गेला तर 30 टक्के आणि पूर्ण तर्जनी गेली तर 14 टक्के धरले आहेत. वरच्या रोजच्या 360 रुपयांवर अंगठ्याचे 30 टक्के म्हणजे रोज 108 रुपये होतात, आणि ते जन्मभर मिळतात. बोर्डाचा आकडा पटला नाही तर अपील करता येतं. मृत्यू झाला तर अवलंबितांना मिळून मजुरीच्या 90 टक्के दर महिन्याला आणि अंत्यविधीसाठी 15,000 रुपयांपर्यंत मिळतात.

काय करायचं

अपघात झाल्या झाल्या सुपरवायझरला सांगा. तोंडी सांगितलेलंही कायद्याला चालतं, पण मोबाइलवर एक मेसेज टाका, म्हणजे वेळ नोंदली जाते. मालकाकडे अपघात-वही असते, तीत नोंद करवा. मग मालकानं अपघाताचा रिपोर्ट, म्हणजे फॉर्म 12, ईएसआयला पाठवायचा असतो. हल्ली तो ऑनलाइन जातो. त्याची प्रत मागा. टाळाटाळ झाली तर ईएसआयच्या शाखा कार्यालयात स्वतः लेखी अर्ज द्या आणि सोबत काम करणाऱ्या दोघांची नावं साक्षीदार म्हणून लिहा.

इलाज ईएसआयच्या डिस्पेन्सरीत किंवा नंदानगरच्या ईएसआय हॉस्पिटलमध्ये घ्या. जीवावरचं असेल तर आधी जवळचं कुठलंही हॉस्पिटल गाठा, पण केस पेपरवर ‘कचरागाडीवर काम करताना’ हे शब्द लिहवून घ्या. ‘घरी पडलो’ असं सांगायला कोणी लावलं तर ऐकू नका. सुट्टीचं प्रमाणपत्र ईएसआयच्या डॉक्टरकडून घ्यायचं आणि ते दाव्याच्या फॉर्मसोबत शाखेत द्यायचं. क्षेत्रीय कार्यालय, पंचदीप भवन, तेही नंदानगरलाच आहे.

सुई टोचली असेल तर ती जागा दाबून पिळू नका. साबणानं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि लगेच हॉस्पिटलला जा. एचआयव्ही टाळण्याची औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात, आणि जितक्या लवकर तितकं बरं. रक्त दिसत नाही, ‘काय टोचलंय एवढंसं’, म्हणून ही दुखापत हमखास लपवली जाते. तिचाही रिपोर्ट करा. हिपॅटायटिस बीची लस कामाला लागतानाच मागा. हातमोजे, गमबूट, मास्क, रेनकोट आणि चमकणारं जॅकेट कामगारांना मिळेल हे पाहण्याची जबाबदारी 2016 च्या घनकचरा नियमांनी स्थानिक संस्थेवर टाकली होती. ठेकेदार ‘ही जबाबदारी आमच्याकडे येत नाही’ म्हणाला तर हे सांगा.

कागद फार नाहीत. ईएसआयचं ई-पहचान कार्ड किंवा विमा क्रमांक, आधार, बँक पासबुक, फॉर्म 12 ची प्रत, डॉक्टरची प्रमाणपत्रं, पगाराची चिठ्ठी किंवा हजेरीचा फोटो. रस्त्यावर गाडीनं उडवलं असेल तर एफआयआर. खरा घोळ होतो तो नावाचा. आपल्या मराठी घरांत मधे वडिलांचं नाव असतं, इथल्या बँकेत ते गळतं, आणि आधारवर कधी आडनाव आधी येतं. तिन्ही ठिकाणी नाव सारखं नसेल तर पैसे अडकतात. ही दुरुस्ती धडधाकट असतानाच करून ठेवा. अडलं तर ईएसआयचा टोल फ्री नंबर 1800-11-2526 आहे.

दहापेक्षा कमी माणसं असतील तर

तिथे सहसा ईएसआय नसतं, पण मालकाची भरपाईची जबाबदारी सुटत नाही. मृत्यूला किमान 1,20,000 आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वाला किमान 1,40,000 रुपये. दावा भरपाईसाठी नेमलेल्या सक्षम अधिकाऱ्याकडे (आधीचे भरपाई आयुक्त) करायचा. वकिलाकडे लवकर जा, वर्ष-दीड वर्ष ‘बघू’ म्हणत घालवू नका. याशिवाय बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा घ्या. 18 ते 70 वय, वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाख. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो आणि विम्याचं वर्ष 1 जूनला सुरू होतं, तेव्हा मेअखेरीस खात्यात तेवढे पैसे राहू द्या.