सोलापूरचे नाटक कोकणात न्यायचे असेल तर: परवानग्या, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

कार्तिकी पौर्णिमेनंतर तळकोकणात जत्रा सुरू होतात आणि सोलापुरातल्या एखाद्या हौशी संस्थेला तिकडून फोन येतो. "जत्रेला आमचं दशावतार आहेच, पण दुसऱ्या रात्री तुमचं नाटक लावाल का?" आपल्याकडे हुतात्मा स्मृती मंदिरात दोन-तीन प्रयोग झालेले असतात, मंडळी तयार असतात, लगेच होकार जातो. माझे सांगणे एवढेच, की होकार द्या, पण तारीख पक्की करण्याआधी कागद हातात घ्या. कोकणातल्या प्रेक्षकाइतका जाणता आणि मायेचा प्रेक्षक मिळणे भाग्याचे आहे. त्याच्यासमोरचा प्रयोग एका शिक्क्यावाचून अडू नये, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

परवानगी एकच असते, असा बहुतेकांचा समज असतो. खरे तर संहितेची, जागेची आणि आवाजाची अशा तीन वेगवेगळ्या परवानग्या लागतात. प्रत्येकीचा अर्ज निराळा आहे. संहितेचे प्रमाणपत्र महाराष्ट्रभर चालते, बाकीच्या दोन्ही ज्या गावी प्रयोग आहे तिथूनच घ्याव्या लागतात.

आधी संहिता

महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून तपासून घ्यावी लागते. आपण सगळे त्याला सेन्सॉर म्हणतो. १९५१च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ३३ आणि त्याखालचे १९६०चे नियम हा त्याचा आधार. तिकीट लावून किंवा पैसे गोळा करून होणाऱ्या प्रयोगाला हे प्रमाणपत्र हवेच. फुकट प्रयोग असला तरी पोलीस ठाण्यात आणि नाट्यगृहाच्या कचेरीत पहिला प्रश्न त्याचाच येतो, त्यामुळे त्याशिवाय निघूच नका.

अर्जासोबत संहितेच्या टंकलिखित स्वच्छ प्रती, लेखकाचे संमतीपत्र, संस्थेचे नाव-पत्ता आणि शुल्काची पावती जोडायची. पानांना क्रमांक घाला. गाणी, निवेदन, पडद्यामागचे आवाज हेही संहितेत लिहा. तालमीत नंतर घातलेला प्रवेश किंवा बदललेले नाव जुन्या प्रमाणपत्रात बसत नाही, ते पुन्हा दाखवावे लागते. मंडळाने काही ओळी वगळायला सांगितल्या असतील, तर तशी प्रत सगळ्या नटांना द्या. एकाने जुन्या प्रतीवरून पाठ केले, की गोंधळ ठरलेला. सिंधुदुर्गातून पुढे गोव्यात प्रयोग असेल, तर हे महाराष्ट्राचे प्रमाणपत्र आहे हे ध्यानात असू द्या.

लेखकाच्या परवानगीबद्दल आपण फार सैल असतो. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क वारसांकडे राहतात. हौशी संस्थेने विनातिकीट प्रेक्षकांसमोर किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी प्रयोग केला, तर १९५७च्या प्रताधिकार कायद्यात सवलत आहे, पण संस्थेने स्वतःसाठी तिकीट लावले की ती संपते. आणि सवलत असली तरी लेखकाला पत्र पाठवून कळवणे आपले कर्तव्य आहे. त्याच्या शब्दांवरच आपण उभे असतो.

मग जागा

इथे सोलापूरकर गडबडतात. आपल्या शहरात पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे परवानगी म्हणजे आयुक्तालय हे डोक्यात बसलेले. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात आयुक्तालय नाही. तिथे कायद्याने हा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. अर्जाची सुरुवात मात्र गाव ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते तिथून करा. पुढे तहसील की जिल्हा कचेरी, हे तिथेच कळते.

रत्नागिरीचे स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृह, मालवणचे मामा वरेरकर नाट्यगृह किंवा चिपळूणचे इंदिरा गांधी सांस्कृतिक केंद्र अशी नगरपरिषदेची वास्तू मिळाली, तर अर्धे काम हलके होते. जागेचे परवाने ती चालवणाऱ्याकडे असतात. तुम्ही संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज करायचा, सोबत नोंदणी प्रमाणपत्र, अर्जदाराचे आधार व पॅन, संहितेच्या प्रमाणपत्राची प्रत आणि अनामत. तारीख रद्द झाली तर पैसे परत कसे मिळतात, ती अट सही करण्यापूर्वी वाचा. निवडणुकीच्या काळात सरकारी वास्तूची तारीख हलू शकते. एक गोष्ट संकोच न करता विचारा: अग्निसुरक्षेचे ताजे प्रमाणपत्र आहे का? २००६च्या कायद्याप्रमाणे इमारत चालवणाऱ्याने परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारी आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यायचा असतो. अलिबागचे नाट्यगृह २०२२मध्ये जळाले, कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह २०२४मध्ये. हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही.

पण जत्रेचे निमंत्रण बहुधा नाट्यगृहाचे नसते. देवळाचा सभामंडप, शाळेचे पटांगण, सड्यावरची मोकळी जागा, असे काही असते. तिथे वास्तूचा तयार परवाना नसल्यामुळे कागद उलट वाढतात. देवस्थान समितीचे किंवा शाळा व्यवस्थापन समितीचे संमतीपत्र, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, मांडव घालणाऱ्याचे नाव आणि तो भक्कम असल्याची लेखी हमी, महावितरणची तात्पुरती वीजजोडणी. हे गावाने करायचे की संस्थेने, ते पहिल्याच फोनवर ठरवा आणि लिहून घ्या. जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश चालू आहे का, तेही ठाण्यात विचारून घ्या.

मांडवाचे मापही मागवा. दशावताराला मागे एक पडदा आणि मध्ये एक बाकडे पुरते, राजा त्यावर बसला की तेच सिंहासन. आपले तीन दारांचे दिवाणखान्याचे नेपथ्य त्या जागेत मावत नाही. रुंदी, खोली आणि वरच्या आडव्या वाशाची उंची, तिन्ही फुटांत कळवायला सांगा.

आवाज

ध्वनिक्षेपकासाठी वेगळा अर्ज, तोही पोलीस ठाण्यात. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बंदिस्त सभागृहाला आतल्यापुरती मुभा आहे, मांडवाला नाही. सणासुदीसाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२पर्यंत सूट देता येते. तुमची तारीख त्या यादीत आहे का, ते जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आदेशात बघा. शाळा किंवा रुग्णालयाजवळचा भाग शांतता क्षेत्र जाहीर झालेला असेल, तर जागाच बदलावी लागेल.

काही वर्षांपूर्वी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावात आमचा प्रयोग होता. पालखी उशिरा परतली, पडदा आठऐवजी पावणेनऊला उघडला. दहाला पाच कमी असताना हवालदार विंगेत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, माईक बंद करा, नाटक चालू द्या." शेवटचा अंक आम्ही माईकशिवाय केला. मागच्या बायका चटया उचलून पुढे सरकल्या, पोरांना मांडीवर घेतले आणि श्वास रोखून ऐकत राहिल्या. प्रयोग पार पडला, पण आमच्या नायिकेचा आवाज दोन दिवस बसला होता. तेव्हापासून आम्ही अर्जातच सुरुवात सात वाजता लिहितो आणि पालखीची वेळ देवस्थानाकडून आधी विचारून घेतो.

संस्था, तिकीट, बालकलाकार

संस्थेची नोंदणी नसेल तर सोलापूरच्या धर्मादाय कार्यालयात किमान सात सभासदांनिशी करून घ्या. सर्व अर्जांवर नोंदणीतलेच नाव लिहा, जाहिरातीतले नव्हे.

नाटकाचे तिकीट माणशी ₹५००पर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही.

नाटकात १४ वर्षांखालचे मूल असेल आणि प्रयोग व्यावसायिक असेल, तर जिथे प्रयोग आहे त्या जिल्ह्याच्या दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते, पालकांच्या संमतीसह. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ३ तासांनंतर विश्रांती, आणि मानधनातला किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे बँकेत. अंबा घाटातून रात्रीचा प्रवास करून आलेल्या लेकराला दुपारी झोप मिळेल, एवढे तर नियम नसता तरी पाहायला हवे.

क्रम

संहितेचा अर्ज सगळ्यात आधी, निमंत्रणाची वाटही न पाहता. निमंत्रण आले की गावाचे लेखी पत्र मागवा. ते, प्रमाणपत्र आणि जागेची संमती जोडून पोलीस ठाण्यात एकाच दिवशी दोन अर्ज द्या, कार्यक्रमाचा आणि ध्वनिक्षेपकाचा. दोन्हींच्या प्रतींवर पोच घ्या. मूळ कागदांची फाईल नेपथ्याच्या टेंपोत ठेवू नका, कलाकारांच्या गाडीत व्यवस्थापकाच्या हातात असू द्या. टेंपो घाटात अडकला तरी ठाण्यात कागद वेळेवर दाखवता येतात.