चढाच्या ट्रेडमिलवर आपण चढतो तरी कुठं?

पावसाळा लागला की रंकाळ्यावर फिरणारी मंडळी जिममध्ये शिरतात, आणि सध्या त्यातल्या बऱ्याच जणांनी रील बघून ते १२-३-३० धरलंय. म्हणजे १२ टक्के चढ, ताशी ३ मैल वेग, ३० मिनिटं, पळायचं नाही, नुसतं चालायचं. त्यावर आमच्या ग्रुपमधल्या एका इंजिनिअर दोस्तानं शंका काढली: माणूस तिथल्या तिथंच हाय, जमिनीपासून इंचभर वर गेला नाही, एमजीएच (वस्तुमान गुणिले गुरुत्वाकर्षण गुणिले उंची, म्हणजे वर चढायचं वर्क) मधला एच, म्हणजे उंची, शून्य, मग कसलं वर्क आणि कसल्या कॅलरी? "सगळा गंडवायचा धंदा हाय भावा."

शंका फालतू नाही, बारावीचं फिजिक्स नीट केलेला माणूसच इथं अडकतो.

वर्क म्हणजे बल गुणिले विस्थापन, पण विस्थापन कुणाचं? बल जिथं लागतंय त्या जागेचं. पट्टा तिरका मागं-खाली सरकत असतो, तुमचा पाय वजनानं त्याला खाली दाबतो आणि पट्टा खाली जातोही, म्हणजे तुम्ही पट्ट्यावर वर्क केलं, आणि तेवढा भार मोटरचा हलका झाला. पाय न उचलता उभे राहिलात तर पट्टा तुम्हाला खाली घेऊन जाईल, तिथल्या तिथं राहायचं असेल तर तो जेवढा खाली नेतो तेवढं दर मिनिटाला वर चढावंच लागतं. मॉलमधल्या उतरत्या सरकत्या जिन्यावर पोरं उलटी चढतात ना, तसंच. विल्यम क्युबिट नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८१८ च्या सुमारास तुरुंगासाठी ट्रेडमिल काढली ती ह्याच तत्त्वावर, कैदी फिरत्या चाकाच्या पायऱ्या चढत राहायचे, जागेवरून हलायचे नाहीत, आणि पलीकडं धान्य दळलं जायचं. एच शून्य असता तर पीठ पडलं कुठनं?

आता हिशोब. व्यायामशास्त्रात चालण्याचं एक नेहमीचं सूत्र आहे, त्यात वजनाच्या दर किलोमागे आडव्या एका मीटरला ०.१ मिलिलिटर ऑक्सिजन लागतो आणि उभ्या एका मीटरला १.८, म्हणजे अठरापट! ताशी ५ किलोमीटरनं १२ टक्क्यावर चाललात तर मिनिटाला साधारण १० मीटर चढ होतो, आणि नुसतं बसून लागणारे विश्रांतीचे ३.५ धरून बेरीज किलोमागे मिनिटाला ३० मिलिलिटरच्या आसपास जाते. सपाटीवर ताशी ८ किलोमीटरनं पळालात तरी आकडा जवळजवळ तेवढाच येतो. अर्ध्या तासात ३०० मीटर चढ झाला, पन्हाळा खालच्या सपाटीपासून साधारण ४०० मीटर आहे, म्हणजे पाऊण पन्हाळा झाला की राव.

पण ही सगळी बेरीज एका गोष्टीनं पार बोंबलते, समोरचा दांडा धरणं. दांडा धरून मागं रेललं की वजनाचा काही भाग हातावर येतो, पायाचा पट्ट्यावरचा जोर कमी होतो, आणि दांडा तर हलतच नाही, त्याचं विस्थापन शून्य, म्हणजे त्याच्यावर टाकलेला भार फुकटात पेलला जातो. दोस्ताचा शून्य खरा इथं आहे! मशीनला ह्यातलं काही कळत नाही, ते स्क्रीनवर पूर्ण चढाच्या कॅलरी दाखवत बसतं. तोल जात असेल तर चढ कमी करा, दांड्याला लोंबकळू नका. आणि ते पोटाला प्लास्टिक गुंडाळून घाम काढणारे लोक, घामातनं पाणी जातं, चरबी नाही, घरी येऊन तांबडा-पांढरा ओढला की वजन परत जागेवर.

गुडघ्याचं म्हणाल तर पळताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दोन-तीन पट दणका बसतो, चालताना जेमतेम सव्वापट, कारण एक पाय कायम जमिनीवर असतो. म्हणून जाड माणसाला किंवा पळायची सवय मोडलेल्याला चढाचं चालणं सोयीचं, फक्त पोटरी आणि टाचेच्या शिरेवर ताण येतो, त्यामुळं ४-५ टक्क्यापासनं सुरुवात बरी. पळण्यानं गुडघ्यातलं वंगण संपतं हे मात्र साफ खोटं, उलट हाडांना थोडा दणका हवाच असतो.

एक गोष्ट जिममधल्या चढावर मिळत नाही ती म्हणजे उतार. उतरताना मांडीचे स्नायू लांबत लांबत ब्रेक लावतात, आणि दुसऱ्या दिवशीचं दुखणं मुख्यतः त्यातनंच येतं. म्हणून रोज १२ टक्के मारणारा गडी पन्हाळा चालत उतरून आला की सकाळी घरचा जिना कठड्याला धरून आडवा आडवा उतरतो.