मत्स्यबीजाच्या पिशवीतून काय काय आलं?

नागपूरच्या मासळीबाजारात रोहू-कतल्याच्या शेजारी सिप्रिनस (कॉमन कार्प), गवत्या (ग्रास कार्प) आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) इतके रुळले आहेत की ते परदेशी आहेत हे आता सांगावं लागतं. सिप्रिनसचा जर्मन वाण १९३९ मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत आला, बँकॉकचा १९५७ मध्ये कटकला. त्याच कटकला १९५९ मध्ये हाँगकाँगहून गवत्या आणि जपानहून चंदेरा आणला गेला. माशांच्या येण्याची वर्षं अशी चोख सांगता येतात. त्यांच्या कल्ल्यांत, खवल्यांखाली आणि आतड्यात बसून आलेल्या परजीवींची सांगता येत नाहीत. तलावांतल्या माशांना लागणाऱ्या परजीवींच्या आजच्या अडचणीचं मूळ मला तिथेच दिसतं.

धोका तेव्हा अज्ञात होता असंही नाही. १९३० च्या दशकात सोव्हिएत संघाने कॅस्पियन समुद्रातले स्टर्जन मासे अरल समुद्रात सोडले. त्यांच्या कल्ल्यांवर निट्झशिया नावाचा चपटा कृमी होता. कॅस्पियनचे मासे त्याला सरावलेले होते. अरलमधल्या मूळच्या स्टर्जनची मात्र त्याच्याशी कधी गाठच पडली नव्हती. ते १९३६ च्या सुमारास मोठ्या संख्येने मेले. नॉर्वेतही हेच झालं. १९७० च्या दशकात स्वीडनमधून आणलेल्या सॅमनसोबत गायरोडॅक्टायलस नावाचा परजीवी कृमी नद्यांत शिरला. त्याला हटवण्यासाठी नद्यांत विष घालून सगळेच मासे मारावे लागले.

आपल्याला जवळचं उदाहरण गवत्याचं. जपानमध्ये १९३४ साली वर्णन झालेला आशियाई पट्टकृमी (टेपवर्म) प्रामुख्याने गवत्यासोबत चीनकडून सोव्हिएत संघात, युरोपात आणि पुढे अमेरिकेत पोहोचला. आज तो २०० हून अधिक जातींच्या माशांत सापडतो. त्याची अळी आधी पाण्यातल्या सायक्लॉप्ससारख्या बारीक जिवात वाढते आणि तो जीव खाणाऱ्या माशात जाते. नारू पाहिलेल्या पिढीला सायक्लॉप्सची ओळख करून द्यायला नको. नारू माणसाचा, हा माशाचा. वाहक त्याच कुळातला.

विदर्भापुरतं पाहिलं तर खरी कलाटणी मिळाली १० जुलै १९५७ ला. त्या दिवशी ओडिशातल्या अंगुलला मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरींनी मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन यशस्वी केलं. नदीतून बीज गोळा करण्याची गरज उरली नाही. १९७१ पासून देशी तीन आणि विदेशी तीन मासे एकत्र वाढवण्याचा संमिश्र मत्स्यपालनाचा अखिल भारतीय प्रकल्प सुरू झाला. दूरच्या केंद्रांतून मत्स्यजिरे आणि बोटुकली, म्हणजे माशांची लहान पिल्लं, प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून तलावांकडे निघाली. नागपूरच्या पूर्वेला आणि दक्षिणेला भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत कोहळी समाजाने बांधलेले मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत, आणि त्यांवर ढिवर-भोयांचं पोट आहे. बीज त्यांच्यापर्यंत पोहोचलं हे चांगलंच झालं. पण पिशवीतलं पाणीही बिनतपासणीचं तलावात ओतलं गेलं.

सिप्रिनस आणि गोल्डफिशसोबत जगभर पसरलेला लर्निया, म्हणजे नांगरकृमी, डोळ्यांनाही दिसतो. मादीचं डोकं नांगरासारखं मांसात रुतलेलं असतं आणि शेपटीकडे अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबतात. त्याला मधला वाहक लागत नाही. कोमट पाण्यात तो तीनेक आठवड्यांत पिढी पुरी करतो. उन्हाळ्यात पाणी आटून मासे दाटीने राहिले की त्याचं फावतं. माशांवरची ऊ, आर्ग्युलस, अंडी घालायला मासा सोडून दगडा-काड्यांवर जाते. बोडी, म्हणजे शेतालगतचं छोटं तळं, पूर्ण सुकली तर ती अंडी मरतात. म्हणून बारमाही पाणी ठेवणाऱ्या शेततळ्यांत उवांवर अधिक बारीक लक्ष हवं.

रोगांवर देशव्यापी पाळत ठेवण्याचा कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, पहिल्या गवत्यानंतर ५४ वर्षांनी. नागपुरात पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० पासून आहे, त्याचं मत्स्य महाविद्यालयही इथेच आहे. तलावाच्या काठावर मात्र बहुतेकांच्या हाताशी मिठाचं पाणी असतं. मिठात बुडवून काढल्याने अंगावरचे काही परजीवी गळतात, आतड्यातला पट्टकृमी तसाच राहतो. त्यासाठी बीज आधी वेगळ्या हौदात ठेवून, त्यातले काही मासे कापून तपासायला हवेत, आणि तो हौद मच्छीमार संस्थेच्या तलावाशेजारीच बांधायला हवा.