पैसे कोण देतं, बघायला कोण जातं : फॉस्टरिंग एजन्सींची पार्श्वभूमी

आई-वडील मूल सांभाळू शकत नाहीत आणि ते दत्तक देण्याचाही प्रश्न नाही, अशा वेळी मूल काही दिवस, काही महिने, कधी मोठं होईपर्यंत दुसऱ्या कुटुंबात राहतं. यालाच फॉस्टरिंग म्हणतात. त्या कुटुंबाला पैसे मिळतात, मुलावर कायदेशीर हक्क मात्र मिळत नाही. अशी कुटुंबं शोधायची, पारखून घ्यायची, शिकवून तयार करायची आणि मूल तिथे गेल्यावर लक्ष ठेवायचं, हे काम ब्रिटनमध्ये स्थानिक प्रशासन स्वतः करतं किंवा फॉस्टरिंग एजन्सीकडून करून घेतं. एजन्सी हा प्रकार जेमतेम चाळीस वर्षांचा आहे. तिच्यापुढचे दोन प्रश्न मात्र फार जुने आहेत: या कामाचे पैसे द्यावेत का, आणि दिले तर त्या घरात डोकावायला कोण जाणार?

१७३९ मध्ये थॉमस कोरम या निवृत्त कप्तानाच्या खटपटीला यश येऊन लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलला सनद मिळाली. नाव हॉस्पिटल असलं तरी ते टाकून दिलेल्या मुलांचा आसरा होतं. तिथे आलेली तान्ही बाळं खेड्यातल्या दूध पाजणाऱ्या दायांकडे पाठवली जात आणि पाच-सहा वर्षांची झाली की परत आणली जात. दायांवर लक्ष ठेवायला त्या-त्या भागातले प्रतिष्ठित लोक बिनपगारी निरीक्षक म्हणून काम करत. १७५६ ते १७६० या काळात संसदेने पैसा दिला, पण येईल ते मूल घ्यायचं अशी अट घातली. सुमारे १५ हजार बाळं आली आणि त्यातली दोन तृतीयांश दगावली. दाया आणि निरीक्षक या संख्येला पुरणारच नव्हते. त्याच संस्थेच्या कारभारात असलेल्या जोनास हॅनवे यांनी पुढे १७६७ चा कायदा करवून घेतला. लंडनच्या गरीब वस्त्यांमधली सहा वर्षांखालची अनाथ-निराधार मुलं शहराबाहेर दाईकडे ठेवायची आणि तिला आठवड्याला निदान अडीच शिलिंग द्यायचे, असं त्यात ठरलं. मोबदला इतका तुटपुंजा नको की बाळाची उपासमारच दाईला परवडावी, हा त्यामागचा व्यवहारी विचार.

एकोणिसाव्या शतकात निराधार मुलांची रवानगी वर्कहाउसमध्ये, म्हणजे गरिबांना कामाच्या बदल्यात आसरा देणाऱ्या सरकारी गृहांत, होऊ लागली. चेशायरमधले पाद्री जॉन आर्मिस्टेड यांनी १८५३ मध्ये तिथली काही मुलं गावातल्या कुटुंबांत ठेवली. तो प्रयोग पुढे पसरला आणि १८७० मध्ये सरकारी आदेशाने त्याला चौकट मिळाली. नेमकं त्याच वर्षी लंडनमध्ये मार्गारेट वॉटर्स या बाईला फाशी झाली. अविवाहित आयांची बाळं ठोक रक्कम घेऊन सांभाळायची आणि मग मरू द्यायची, असा तिचा धंदा होता. १८७२ च्या कायद्याने पैसे घेऊन बाळं ठेवणाऱ्यांना नोंदणी सक्तीची केली, पण फक्त एकाहून जास्त बाळं असतील तरच. एकेक बाळ घेणारे त्यातून सुटले ते थेट १९०८ पर्यंत.

या साऱ्या इतिहासात मला सगळ्यात मोलाचं माणूस वाटतं ते मॅरिअॅन मेसन. १८८५ मध्ये कुटुंबांत ठेवलेल्या मुलांची सरकारी निरीक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि पंचवीस वर्षं त्या गावोगाव फिरल्या. मुलाचे हात-तोंड स्वच्छ आहेत एवढ्यावर त्यांचं समाधान होत नसे. त्या बूट-मोजे आणि गरज पडली तर कपडेही उतरवायला लावत, कारण मळ आणि मारहाणीचे वळ झाकलेल्या जागीच सापडतात. गावातल्या भल्या स्त्रियांच्या समित्या सद्भावनेने भेटी देत, चहा घेत आणि सगळं ठीक असल्याचं लिहीत. ओळखीच्या घरात संशय घेणं जड जातं, हे मेसन यांनी पुरतं ओळखलं होतं.

अमेरिकेत चार्ल्स लोरिंग ब्रेस यांच्या संस्थेने १८५४ पासून न्यूयॉर्कची मुलं आगगाड्यांनी पश्चिमेकडच्या शेतकरी कुटुंबांत पाठवायला सुरुवात केली. १९२९ पर्यंत अशी दोनेक लाख मुलं गेली. पैसे द्यायचे नाहीत आणि बघायला फारसं कोणी जायचं नाही, असा तो प्रकार. काहींना खरंच घर मिळालं, काहींना फुकटचे मजूर म्हणून राबावं लागलं. मॅसॅच्युसेट्स राज्याने मात्र १८६९ मध्येच अशा मुलांना भेटायला जाणारा पगारी अधिकारी नेमला होता.

ब्रिटनला खडबडून जाग आली ती १९४५ मध्ये. न्यूपोर्टच्या डेनिस ओनील या बारा वर्षांच्या मुलाला आदल्या जूनमध्ये श्रॉपशायरमधल्या एका शेतावर ठेवलं होतं. मूल एका प्रशासनाचं, घर दुसऱ्याच्या हद्दीत. देखरेख कोणाची, यावर दोन कार्यालयांत पत्रव्यवहार चालू राहिला. डिसेंबरमध्ये न्यूपोर्टहून गेलेल्या एका महिला कारकुनाने मुलाची अवस्था पाहून त्याला तिथून हलवायला सांगितलं. हालचाल झाली नाही. ९ जानेवारीला उपासमार आणि मारहाणीने डेनिस गेला. त्याच काळात नेमलेल्या मायरा कर्टिस समितीने १९४६ मध्ये सांगितलं की मुलांसाठी एक जबाबदार अधिकारी हवा आणि त्याने मुलांना नुसतं कागदावर नव्हे, प्रत्यक्ष ओळखायला हवं. १९४८ च्या कायद्याने स्थानिक प्रशासनात मुलांचे स्वतंत्र विभाग आले आणि संस्थेपेक्षा कुटुंबाला प्राधान्य मिळालं.

तरी मोबदल्याचा प्रश्न अडलेलाच होता. पैशासाठी मूल घेणारे नकोत, म्हणून फक्त खर्च भागेल एवढंच द्यायचं, ही समजूत पक्की होती. १९७५ मध्ये केंट परगण्यात नॅन्सी हेझल यांनी ती मोडली. कोणी घ्यायला तयार नसलेली, वागायला अवघड अशी किशोरवयीन मुलं त्यांनी कुटुंबांत ठेवली. त्या कुटुंबांना रीतसर मेहनताना दिला, लेखी करार केले आणि मूल सांभाळणाऱ्या या पालकांच्या नियमित बैठका घेतल्या. यातूनच १९८० च्या दशकाच्या शेवटी स्वतंत्र एजन्सी उभ्या राहिल्या. पालकाला प्रशिक्षण, रात्री-अपरात्री उचलला जाणारा फोन, अधूनमधून विश्रांती आणि पाठीशी स्वतःचा समाजसेवक (सोशल वर्कर), असं त्यांचं देणं होतं. मुलाचा समाजसेवक वेगळा, तो प्रशासनाचा. ही दुहेरी नजर मला एजन्सी-पद्धतीची खरी कमाई वाटते. मुलाची अंतिम जबाबदारी मात्र कायद्याने प्रशासनाकडेच राहते, एजन्सीला ती घेता येत नाही. २००२ पासून एजन्सींना नोंदणी आणि तपासणी लागू झाली. मूल घेऊ पाहणाऱ्या नव्या पालकांना मंजुरीसाठी पॅनेलपुढे उभं राहावं लागतं, त्याआधी घरातल्या प्रत्येकाची पार्श्वभूमी कित्येक महिने तपासली जाते.

सुरुवातीच्या लहान एजन्सी पुढे मोठ्या कंपन्यांनी विकत घेतल्या, काहींमागे तर गुंतवणूक फंड आहेत. २०२२ मध्ये ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाला सर्वांत मोठ्या एजन्सींचा नफा सरासरी १९ टक्क्यांच्या आसपास दिसला. इतका नफा निरोगी बाजारात होत नाही, असं आयोगाने म्हटलं. त्याचबरोबर नफ्यावर सरसकट बंदी घातली तर घरांचाच तुटवडा वाढेल, असाही इशारा दिला. वेल्सने तरी २०२५ मध्ये मुलांच्या देखभालीतून नफा टप्प्याटप्प्याने हद्दपार करणारा कायदा केला. नफ्यावर चालणाऱ्या एजन्सींना तिथे आता आपलं स्वरूप बदलावं लागेल किंवा काम थांबवावं लागेल. त्यांच्याकडे नोंदलेले पालक दुसरीकडे नाव नोंदवतील की हे काम सोडूनच देतील, यावर त्या घरांत सध्या राहणाऱ्या मुलांचा मुक्काम अवलंबून आहे.